चाकाचे बूट, माझ्या मापाचे

आमच्या घरात कुठलीही वस्तू कुणाच्या मापाची नव्हती. ती पुढे कधी तरी त्या माणसाच्या मापाची होणार असायची, पण आज नसायची. शाळेचा फ्रॉक गुडघ्याच्या खाली वीतभर, कारण पोरगी वाढत्या अंगाची. स्वेटरच्या बाह्या दुमडून दुमडून मनगटावर दोन वळकट्या झालेल्या. चपलेत टाचेमागं दोन बोटं सहज मावायची, त्यामुळे मी चालायला लागले की चप्पल आधी मागं राहायची आणि मग फटकन येऊन टाचेला लागायची. गल्लीत मी दिसायच्या आधी ऐकू यायची. शेवटी एखादी वस्तू अंगाला नीट बसायची तेव्हा ती विटलेली, उसवलेली असायची, आणि अप्पा लगेच नवी आणायचे. पुन्हा दोन बोटं मोठी.

अप्पांचं लातूरच्या बाजारात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं, आणि तिथं मात्र माप म्हणजे देव. बेअरिंग केसाएवढं सैल निघालं तर ते गिऱ्हाइकाच्या हातातून काढून घ्यायचे आणि म्हणायचे, "माप चुकलं की मशीन बोंबलतं." मी एकदा गल्ल्याशेजारी बसून शेंगा खाता खाता विचारलं, "अप्पा, मग माझी चप्पल बोंबलते त्याचं काय?" अप्पांनी कपाळावरची विभूती हलेल इतक्या भुवया वर नेल्या. "मशीन वाढत न्हाई, नंदे. तू वाढतीस." या वाक्यावर माझ्या बालपणातले सगळे वाद संपायचे. आजही एखादी साडी 'फ्री साइज' म्हणून समोर आली की मला आतून ठसका लागतो.

घरात राज्य अव्वाचं, म्हणजे माझ्या आईचं. ती उदगीरची, त्यामुळे तिचा राग मराठीत सुरू व्हायचा आणि कानडीत संपायचा. "बेडा" म्हटलं की विषय बंद. बेडा म्हणजे नको. तिचं सगळ्यांत मोठं बेडा उंबऱ्यावर बसलेलं असायचं, कारण बाहेरचं पायताण उंबऱ्याच्या आत येता कामा नये. ती चुलीपुढं बसून ज्वारीच्या भाकरी थापायची, शेंगाची चटणी कुटायची, येसराच्या आमटीला फोडणी द्यायची, आणि या सगळ्या आवाजातून तिला मागच्या दाराशी चप्पल न काढता टेकवलेला माझा पाय ऐकू यायचा. "काढ," एवढंच म्हणायची, मान न वळवता. मला वाटायचं या बाईच्या पाठीला डोळे आहेत. आता माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात मलाही तसंच ऐकू येतं, तेव्हा तो चमत्कार नव्हता, वैताग होता, हे कळून चुकलंय.

तर अशा घरात, मी तेरा-चौदा वर्षांची असताना, चाकं आली. चातुर्मासात लग्नं नसतात. त्यामुळे आमच्या समाजाचं मंगल कार्यालय तेवढे महिने ओस पडायचं, आणि त्या वर्षी नांदेडहून बदलून आलेल्या खेळाच्या सरांनी तिथं स्केटिंगचा वर्ग काढला. आख्ख्या लातुरात तेवढी गुळगुळीत फरशी दुसरीकडं नव्हती. लोखंडी स्केट, खाली चार चाकं, वर पट्टे. एक चावी असायची, ती फिरवली की स्केट लांबायचा. एकाच जोडीत पहिलीतलं पोरगं बसायचं आणि त्याचा काकाही. अप्पांनी तो स्केट हातात घेतला, चावी फिरवून तीनदा लांबवला, तीनदा आखडला, आणि त्यांचे डोळे पाणावायचे तेवढे राहिले. "शहाणी वस्तू हाय," म्हणाले. "पोरीसंगं वाढते." मला तिथंच कळायला पाहिजे होतं की माझं काही खरं नाही.

हे स्केट खरं तर बुटांवर बांधायचे असतात. पण कार्यालयात एका कोनाड्यात महादेवाची पिंड होती, त्यामुळे आत पादत्राणं बंद. आम्ही मोज्यांवरच पट्टे आवळायचो. माझा पाय काडीसारखा. पट्टा सैल ठेवला की पाय स्केटमध्ये डुगडुगायचा, आवळला की घोट्यावर वळ उठायचा, आणि दोन्ही प्रकारांत पहिल्या वळणाला उजवा स्केट मला सोडून सरळ निघून जायचा. मी वळलेली, तो सरळ. समोरच्या भिंतीवर तो असा काही आदळायचा की कार्यालयाची व्यवस्था बघणारे गुरप्पाकाका कोठीतून ओरडायचे, "सुटली का नंदी?" वर्गात माझं नाव 'सुटी' पडलं. आणि याचा मला इतका संताप यायचा, कारण मला स्केटिंग येत होतं. मला येत होतं, स्केटला येत नव्हतं. हे मी सरांना, अप्पांना, अव्वाला सांगून पाहिलं. नाचता येईना अंगण वाकडं, असं तिघांनीही एकाच सुरात ऐकवलं.

श्रावण लागायच्या सुमाराला सरांनी जाहीर केलं की पोळ्यानंतर निवड होणार, आणि निवडलेली पोरं नांदेडला मराठवाड्याच्या स्पर्धेला जाणार. अप्पांनी जेवता जेवता निकाल दिला. निवड झाली तर जा नांदेडला, न्हाई झाली तर हे याड सोड आणि गणिताकडं बघ. मी त्या दिवशी आमटीत भाकरी कुस्करून तशीच सोडली आणि समोरच्या गल्लीतल्या सुजाताकडं गेले. सुजाता माझ्या वर्गात, शाळेतही आणि स्केटिंगलाही, माझ्याहून बारीक, डोक्यानं माझ्याहून थंड. तिचे वडील कांबळेकाका एस.टी.च्या आगारात फिटर होते. मी तिला म्हटलं, पट्टे नकोतच. बूटच चाकावर पक्का बसवायचा. पाय बुटात, बूट चाकात, विषय संपला. सुजाता म्हणाली, "म्हणजे घातला की काढेपर्यंत तू गाडीच."

पहिल्या वेळी आम्ही वर्गातल्या एका मोडक्या स्केटची चाकं माझ्या कॅनव्हासच्या बुटांना पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवली. मी पुढं गेले आणि तळवे मागं राहिले. दुसऱ्या वेळी कांबळेकाकांनी तळव्याला भोकं पाडून बोल्ट बसवले. बूट टिकला, पण कॅनव्हासचा तळवा मऊ, जोर दिला की मधोमध दुमडायचा आणि चारही चाकं एकमेकांना भेटायला यायची. शिवाय बोल्टांची डोकी टाचेत घुसायची ती वेगळीच. तिसऱ्या वेळी काकांनी चाकं जरा मागं सरकवली आणि मी त्यांच्या अंगणात तोंडावर पडले. ते शांतपणे बिडी विझवत म्हणाले, "फ्रंटला वजन जास्त झालं. डायवर पुढं येणारच."

"काका, मी डायवर न्हाई. मी नंदा हाय."

"गाडीत बसलं की डायवरच," काका म्हणाले. "हॉर्न लावू का?"

राखीला अव्वा दरवर्षी नांदेडला माझ्या मामाकडं जायची, तेव्हा मीही बरोबर गेले. एस.टी.मध्ये मांडीवर फाटका बूट घेऊन बसलेली मी आणि 'ही माझी नव्हंच' असा चेहरा करून खिडकीबाहेर बघणारी अव्वा. मामा मिश्कील माणूस. राखी झाली, सुधारस-पुरी झाली, आणि मामा मला गुरुद्वाऱ्यात घेऊन गेला. तिथं जोडाघरात लोक चपला ठेवतात, आणि ज्यांना सेवा करायची ते दुसऱ्यांच्या चपला पुसून, खणात लावून देतात. आमच्या घरात ज्या वस्तूला उंबरा बंद, ती वस्तू इथं लोक दोन्ही हातांनी घेत होते आणि कपाळाला लावत होते. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. मग मामाला म्हटलं, मला पण सेवा करायची.

माझ्या भक्तीचं कारण वेगळं होतं. इतके बूट मला पुन्हा कुठं मिळणार होते. प्रत्येक जोडा हातात घेऊन मी उलटा करायची, तळवा वाकवून बघायची, नखानं टाच खरवडायची आणि मग घाईघाईनं फडकं फिरवायची. रबरी वाकतो. चिकटवलेला सुटतो. शिवलेला बरा. शेवटी एक काळा, घोट्याच्या वर येणारा, परेडचा बूट हाताला लागला. दुहेरी चामड्याचा तळवा, खिळ्यांनी ठोकलेला. मी सगळा जोर लावला, पण हलला नाही. शेजारी बसलेल्या पांढऱ्या दाढीच्या सरदारजींनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. "बेटी," ते म्हणाले, "जोडे पुसने को दिये थे, तू तो पढ रही है."

मामा मागून म्हणाला, "काय करून राहिलीस गं? कुणाच्या बुटाचं पोट फाडतीस का आता?"

तसलाच बूट आम्हाला जुन्या बाजारात मिळाला. कुठल्याशा शाळेतल्या परेडचे लहान पोरांचे बूट होते, ढीगभर. मी फतकल मारून बसले आणि एकेक पायात घालून बघायला लागले. दुकानदारानं जगातल्या सगळ्या दुकानदारांचं वाक्य म्हटलं, "एक नंबर मोठा घे बेटा, पाय वाढता हाय." अव्वा म्हणाली, मोठाच घे. मामा म्हणाला, पुढं कापूस भरू. तिघं एकीकडं आणि मी एकीकडं. मी म्हणाले, माझ्या मापाचा. मला आत बोट हलवायलाही जागा नको. पाय आणि बूट एक झाले पाहिजेत, नाहीतर पट्ट्यांनी काय वाईट केलं होतं? अव्वानं कानडीत काहीतरी म्हटलं. त्या दिवशी पहिल्यांदा मी तिच्या बेडाला बेडा म्हणाले. आयुष्यातली पहिली वस्तू, जी आजच माझ्या मापाची होती, मांडीवर घेऊन मी लातूरला परतले.

मग सगळं जमत गेलं. कांबळेकाकांनी मोडक्या स्केटची चाकं काढून तळव्याला बोल्टांनी आवळली. अप्पांनी काहीही न विचारता चाकांत नवी बेअरिंगं घातली, कारण सैल बेअरिंग त्यांच्याच्यानं बघवेना. आत लोकरीचा जाड नमदा, बोल्टांवर दाबून. लेस घोट्यापर्यंत आवळली की पाय असा धरला जायचा, जसा अव्वा न्हाऊ घालताना धरायची. सुजाताच्या अंगणात मी वळले आणि बूटही वळला. एवढंच. पण मी तिथं फतकल मारून रडले. कांबळेकाकूंनी हातावर तव्यावरचा गरम धपाटा ठेवला आणि म्हणाल्या, "लागलं का गं?"

निवडीच्या दिवशी मी ते बूट अव्वाच्या जुन्या इरकलच्या तुकड्यात गुंडाळून नेले. कार्यालयाच्या दारात उघडले. पोरांनी गराडा घातला, सर गुडघ्यावर बसून चाकं फिरवायला लागले. बेअरिंगं अशी गुणगुणत होती की कोठीतून गुरप्पाकाका बाहेर आले. त्यांनी बुटांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"हे काय हाय?"

आणि मी, अभिमानानं फुगलेली मी, म्हणाले, "चाकाचे बूट."

काका म्हणाले, "मग भायेर."

मला आधी कळलंच नाही. सर म्हणाले, काका, स्केटच आहे हो. काका म्हणाले, "तीच म्हणाली बूट हाय म्हणून. बूट म्हणजे पायताण. आत पिंड हाय." सुजाता माझ्याहून थंड डोक्याची, ती पुढं झाली. "काका, बाकीच्यांचे स्केट चालतात की."

"त्ये गाडी हाय. त्येच्यात पाय घालत न्हाईत, त्येच्यावर ठिवतात."

"पण हा बूट रस्त्यावर टेकलासुद्धा न्हाई, काका. खाली चाकं हायेत. मातीला लागलाच न्हाई."

गुरप्पाकाकांनी क्षणभर विचार केला. ते वाईट माणूस नव्हते, तेच तर दुखणं होतं. "पोरी," ते म्हणाले, "नवा जोडा इकत आणला तर त्योबी मातीला लागलेला नसतो. म्हून काय त्यो देव्हाऱ्यात ठिवतो का आपण?" याचं उत्तर मी अजूनही शोधते आहे.

कुणीतरी दुकानावरून अप्पांना बोलावून आणलं. समाजात अप्पांच्या शब्दाला वजन होतं. मला वाटलं, आता बेअरिंगवाला माणूस बोलेल. अप्पांनी तोंड उघडलं, आणि त्यांची नजर दाराच्या वर गेली. माझीही गेली. तिथं पत्र्याची निळी पाटी होती. 'पादत्राणे बाहेर काढावीत'. आणि खाली बारीक अक्षरांत, सौजन्य म्हणून, आमच्याच दुकानाचं नाव. पाटी अप्पांनीच दिली होती. ते खांद्यावरच्या उपरण्यानं तोंड पुसायला लागले.

सरांनी मला लोखंडी जोडी दिली. मी पट्टे आवळले, डोळ्यांत पाणी येईस्तोवर आवळले. पुढचं सांगायला नको, पण सांगते. दुसऱ्याच वळणाला उजवा स्केट सुटला आणि वधू-वरांच्या मंचाखाली गेला. कुणीतरी, सवयीनं, "सुटी" म्हणालं. मी बाहेर आले, माझे बूट चढवले आणि कार्यालयाच्या अंगणात, चपलांच्या ढिगाभोवती, खडबडीत शहाबादी फरशीवर फेऱ्या मारल्या. डावीकडून, उजवीकडून, एका पायावर. एकदाही पडले नाही. सर खिडकीत येऊन बघत राहिले. "सुंदर, नंदा," ते म्हणाले. "फार सुंदर. पण निवड आत आहे."

घरी जाताना अप्पांनी मला स्कूटरवर मागं बसवलं. मग वारा कापत मागं म्हणाले, "बूट कशाला म्हणालीस? पायगाडी म्हणाली असतीस तर मीच हातात धरून आत नेली असती." इतका उशिरा आलेला शहाणपणा मी नंतर फक्त नवऱ्याकडूनच ऐकला आहे.

मी ते बूट माळ्यावर टाकले आणि गणिताकडं बघायला लागले. गणितानं माझ्याकडं पाहिलं नाही. खंडेनवमीला दुकानात दरवर्षी हत्यारांची आणि वाहनांची पूजा असायची. अव्वाची हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, झेंडूच्या माळा, पाने-पकडी ओळीनं मांडलेल्या, धुतलेली स्कूटर. मी प्रसादाची परात घेऊन पोचले तर स्कूटरच्या शेजारी, केळीच्या पानावर, माझे बूट. पुसलेले, चाकांना तेल दिलेलं. अप्पांनी तीन बोटं विभूतीत बुडवली आणि दोन्ही बुटांच्या चवड्यांवर तीन-तीन पट्टे ओढले, जसे स्कूटरच्या दिव्यावर ओढले होते. प्रसादाला आलेले गुरप्पाकाका ओळीपुढून नमस्कार करत आले, बुटांपाशी थांबले. "नवीन गाडी?" त्यांनी विचारलं. "पोरीची पायगाडी," अप्पा म्हणाले. काकांनी वाकून हात लावला आणि तो छातीला लावला. अप्पांनी माझ्याकडं न बघता म्हटलं, "पुढच्या चातुर्मासात बघू." मला तिथंच बूट चढवून बाजारभर फिरायचं होतं. अव्वा म्हणाली, "बेडा. पुजलेल्या वस्तूत पाय घालत न्हाईत. दसरा होऊ दे." दसरा झाला. मग सहामाही आली, मग तुळशीचं लग्न लागलं आणि पाठोपाठ माणसांची, आणि कार्यालय वऱ्हाडांनी जे भरलं ते थेट पुढच्या आषाढापर्यंत.

आषाढात मी बूट काढले. चवड्यावर विभूतीचे पुसट पट्टे अजून होते. पाय घातला. टाच आत जाईना. लेस पूर्ण सोडली, साबण लावला, अव्वानं मागून ढकललं, सुजातानं पुढून ओढलं. टाच काही बसली नाही. मी अव्वाकडं पाहिलं आणि ती काही बोलेल म्हणून वाट पाहिली. ती उठून आत गेली आणि मूठभर कापूस घेऊन आली. तो तिनं सुजाताच्या हातात दिला.

निवडीच्या दिवशी सुजाता दारात थांबली. पायांत माझे बूट, चवड्यात कापूस. गुरप्पाकाकांनी खाली पाहिलं. "पायगाडी हाय, काका," ती म्हणाली. "खंडेनवमीला पुजलेली." "ठाऊक हाय मला," काका म्हणाले आणि बाजूला झाले. ती आत गेली. मी अप्पांच्या पाटीखाली पायरीवर बसले, चपला सांभाळत. आतून बेअरिंगची गुणगुण येत होती, वळणावर जरा खाली उतरणारी, पुन्हा वर चढणारी. एकदाही काही भिंतीवर आदळलं नाही. नांदेडला ती गेली. स्टँडवर मी तिला धपाटे बांधून दिले आणि वळणं कशी घ्यायची ते खिडकीच्या गजांतून इतकं समजावून सांगितलं की कंडक्टर वैतागला.

पण हे पुढचं; निवडीच्या दिवशी मी पायरीवरच आहे अजून. गुरप्पाकाका बाहेर येऊन माझ्याशेजारी बसले. सुपारी कातरत म्हणाले, "तू का न्हाई खेळत गं यंदा?"

"पाय वाढला, काका."

"मग चांगलं झालं की," काका म्हणाले. "पोरीचा पाय वाढाया पाह्यजे." आणि कातरलेल्या सुपारीतली अर्धी त्यांनी माझ्या हातावर ठेवली. मी ती रागानं चावली. ती इतकी कडक निघाली की माझी दाढ दुखली, आणि तीही, आता कुणाला सांगून विश्वास बसणार नाही, त्याच आठवड्यात आलेली नवी दाढ होती.